बीट तुझा, गाणं कुणाचं?

"काका, मी एकवीस वर्षांचा आहे, कोल्हापूरजवळ उचगावात राहतो. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. दिवसा तिथं बसतो, रात्री लॅपटॉपवर बीट करतो, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत. चार वर्षं झाली. माझ्या एका रॅपर मित्रानं माझ्या बीटवर गाणं केलं आणि यूट्यूबवर टाकलं. खाली 'बीट' म्हणून माझं नाव आहे, पण त्याच्या वर 'प्रोड्यूसर' म्हणून शाहूपुरीतल्या एका स्टुडिओवाल्या पोराचं. संगीत सगळं माझं. त्यानं एक नोट वाजवलेली नाही, उलट माझ्या बीटमधल्या गोष्टी काढूनच टाकल्या. मग तो प्रोड्यूसर कसा? आणि मी इन्स्टावर 'म्यूझिक प्रोड्यूसर' लिहितो ते खोटं आहे का? बीट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, पैसे घेतले नव्हते. मित्राशी महिनाभर बोललेलो नाही. मूळ बीट आणि गाणं दोन्ही पाठवतोय. ऐकून खरं काय ते सांगा."
— बीटवाला, उचगाव

बीटवाल्या,

दोन्ही फायली ऐकल्या. आधी हेडफोनवर, मग गाडीत, आणि शेवटी मोबाईलच्या फुटक्या स्पीकरवर, कारण तुमचं गाणं ऐकणारी पोरं बहुतेक तिथंच ऐकणार.

निकाल आधी देतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. बीट झकास आहे. हलगीच्या खाली एट-ओ-एटचा, म्हणजे त्या जुन्या ताल-यंत्राचा, बास असा बसवलायस की रंकाळ्यावर गाडी लावून, काचा वर करून ऐकावा. पण गाणं त्या शाहूपुरीच्या पोरानंच प्रोड्यूस केलंय. तुझ्यावर अन्याय झालाय हेही खरं. मात्र तो तू समजतोयस त्या जागी झालेला नाही.

कसं ते मोजून दाखवतो. तुझा बीट ९० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ९० ठोके, लांबी २ मिनिटं ४० सेकंद. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे बरोबर ६० बार. त्यात आठ बारांचा एक तुकडा साडेसात वेळा वाजतो. सुरुवातीला हलगी, मध्ये हलगी, शेवटी हलगी. तीन ठिकाणी हाय-हॅट, म्हणजे झांजेची टिकटिक, गप्प होते, एकदा बास. संपलं. आणि हलगी तू कुठल्यातरी व्हिडिओतून उचललीयस, तेही कळतं: मागं कुणीतरी शिट्टी मारतं, आणि दर आठ बारांनी तोच माणूस तीच शिट्टी मारतो. सात वेळा मोजली मी.

आता गाणं. ते २ मिनिटं २४ सेकंदांचं आहे. म्हणजे सहा बार गेले. सुरुवातीचे चार त्यानं उडवले, आणि तुझा मित्र थेट तोंड उघडतो. पहिल्या व्हर्सला, म्हणजे कडव्याला, हलगीच नाही. नुसता किक (ढोलाचा जड ठोका), बास आणि लांबून येणारी हाय-हॅट. हलगी पहिल्यांदा येते ती हुकला, म्हणजे परत परत येणाऱ्या धृवपदाला, आणि ती आली तेव्हा माझी मान आपोआप हलली. तुझ्या मूळ बीटवर हलली नव्हती, कारण तिथं हलगी पहिल्या सेकंदापासून कानाशी बसलेली होती.

हलगी काढण्यामागं आणखी एक साधं कारण आहे, ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. हलगीचा कडकडाट आणि माणसाच्या बोलण्यातली क, च, ट, त ही व्यंजनं साधारण एकाच पट्ट्यात येतात, दोन-तीन हजार हर्ट्झच्या वर. तुझा मित्र तर सगळी यमकं ट आणि ठ वर जुळवतो. पेठ, थेट, गेट, भेट. खाली हलगी वाजत राहिली असती तर पेठ कुठली आणि काडीचा फटका कुठला, ऐकणाऱ्याला पत्ता लागला नसता. तू बीट ऐकताना हा प्रश्न येतच नाही, कारण बीटमध्ये माणूस नसतो.

मग दुसरा व्हर्स. २०१९ च्या पुराचा. "माळ्यावर आई, जिन्यावर पाणी" ही ओळ येते आणि सगळं बंद होतं. किक नाही, बास नाही, काही नाही. दोन बार, म्हणजे पाच सेकंदांच्या जरासं वर. नुसता पोराचा आवाज, आणि ओळ संपल्यावर त्यानं घेतलेला श्वास. त्यानंतर तुझा एट-ओ-एट, एकटा, एकदाच, लांबलचक. मी तिथं फाईल थांबवली. त्या ऑगस्टात आमच्या गल्लीतही बोट फिरली होती. पुराचं पाणी चढताना आवाज करत नाही, आणि ज्यानं ते पाहिलंय त्यालाच ही पाच सेकंदं कळतील.

तो बास तुझा आहे, स्वरही तूच निवडलायस. पण तो तिथं एकटा ठेवायचा आणि त्याच्याआधी सगळ्यांना गप्प बसवायचं, हे कुणी ठरवलं? आणखी एक बघ. बाकी गाण्यात तुझा मित्र ओरडतो. त्या ओळीला त्याचा आवाज बसलेला आहे, दमलेला. हा पहिला टेक नाही, पैज लाव. कुणीतरी त्याला काचेपलीकडून "परत", "परत", "आता ओरडू नको, नुसतं सांग" असं म्हणत रात्री उशिरापर्यंत उभं केलंय. किती टेक झाले ते मित्राला विचार. (विचारायचं म्हणजे बोलावं लागेल, हो. करशील.)

आणि ती शिट्टी! सात शिट्ट्यांतल्या सहा त्यानं कापल्या, एक शेवटच्या हुकला ठेवली. आता ती मुद्दाम मारल्यासारखी वाटते. मी हसलो. तू मात्र पत्रात लिहितोस, "काढूनच टाकल्या." कसला काढतोय लेका, निवडतोय तो.

गुऱ्हाळ बघितलं असशीलच. ऊस एकाचा, घाणा दुसऱ्याचा, चुलवाणात चिपाडं सारणारा तिसरा. आणि काहिलीपाशी गुळव्या उभा. ऊस त्यानं लावलेला नसतो, पाणी पाजलेलं नसतं. तो फक्त बघतो. मळी काढायला लावतो, भेंडीचं पाणी कधी पडायचं ते सांगतो, जाळ कमी कर म्हणतो. मग पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी होते का बघतो आणि एका क्षणी ओरडतो, "उतरवा!" जरा आधी उतरवली तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर करपते. शेतकरी म्हणणार, ऊस माझा. कोण नाही म्हणतंय? पण गूळ खाऊन माणूस "वा" म्हणतो तेव्हा त्यात गुळव्याची बोटं असतात.

तुझा बीट हा नुसता ऊस, असं मात्र मी म्हणणार नाही. इथं तुझी बाजू सुरू होते, आणि ती भक्कम आहे.

हा घोळ तू घातलेला नाहीस. हिप-हॉपनं स्वतःच घातलाय. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क या डीजेनं बहिणीच्या पार्टीत तबकड्या लावल्या, तिथून ही गोष्ट सुरू झाली असं धरतात. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा, ज्याला ते ब्रेक म्हणतात, तो त्यानं एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून लांबवायला सुरुवात केली. त्या काळात प्रोड्यूसर हा प्राणीच तिथं नव्हता. डीजे होता, पुढं माईकवाला होता आणि नाचणारी पोरं होती.

रॅपच्या तबकड्या निघायला लागल्या १९७९ मध्ये. त्यातली पहिली मोठी तबकडी काढली सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी. स्वतः गायिका, कंपनीही त्यांचीच. वाजवणारे स्टुडिओतले वादक होते, म्हणणारी तीन पोरं त्यांनी न्यू जर्सीतून गोळा केली होती. पोरं निवडली त्यांनी, वादक बसवले त्यांनी, माल बाजारात नेला त्यांनी. तिथं प्रोड्यूसर कोण, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

मग यंत्रं आली. रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ताल-यंत्र १९८० चं. तुझ्या बासचं नाव तिथूनच आलंय. १९८७ मध्ये एसपी-१२०० हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे भरून वाजवणारं यंत्र, आला. त्यात सगळे मिळून जेमतेम दहा सेकंद आवाज भरता यायचा, त्यामुळे पोरं तबकडी जास्त वेगानं फिरवून आवाज भरायची आणि आत हळू करायची. १९८८ मध्ये आकाई कंपनीचं एमपीसी-६० आलं. रॉजर लिन या माणसाची रचना, चार बाय चार अशी सोळा रबरी बटणं. या यंत्रांनी काय झालं? जे करायला आधी पाच वादक लागायचे ते एक माणूस एका खोलीत करायला लागला. ढोल त्याचा, बास त्याचा, तुकडे त्याचे. रॅपमध्ये तसंही बीट आणि बोलणं सोडून तिसरं काही फारसं नसतं. त्यामुळे ज्याचा बीट, तोच प्रोड्यूसर, असा शब्द रुळला. आणि तो खोटा नव्हता, कारण तो माणूस रॅपरच्या शेजारी, त्याच खोलीत, शेवटचा टेक होईपर्यंत बसलेला असायचा.

आणि मग इंटरनेट आलं. बीट मेलवर जायला लागले, मग व्हॉट्सअ‍ॅपवर. बीट करणारा खोलीतून बाहेर पडला आणि नाव मात्र त्याच्याबरोबर बाहेर आलं. तुझं दुखणं नेमकं इथलं आहे.

त्यामुळे इन्स्टावर तू "प्रोड्यूसर" लिहितोस ते खोटं नाही. जगभर बीट करणारे सर्रास तसंच लिहितात, कुणी हरकत घेत नाही. फक्त एक लक्षात घे. तुझ्या शाहूपुरीवाल्यासारखे, स्वतः फारसं काही न वाजवणारे प्रोड्यूसर त्याच जगात पहिल्यापासून आहेत. रिक रुबिन घे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कॉलेजच्या हॉस्टेलच्या खोलीतून त्यानं डेफ जॅम ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली. १९८५ मध्ये एलएल कूल जे या रॅपरचा पहिला अल्बम आला, त्यावर त्याच्या नावापुढं "प्रोड्यूस केलं" असं नव्हतं. "कमी केलं" असं छापलं होतं! बढाई असेल, पण खरी बढाई. डॉक्टर ड्रे या रॅपर-प्रोड्यूसरच्या कितीतरी गाण्यांत की-बोर्ड आणि बास दुसऱ्याच माणसांनी वाजवलाय. तो प्रसिद्ध आहे तो एकच ओळ रॅपरकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेण्याबद्दल.

पण म्हणून बीट करणं हे खालच्या पायरीचं काम, असं डोक्यात घेऊ नकोस. डेट्रॉइटच्या जे डिलानं एमपीसीवर ढोल वाजवताना यंत्राची ताल सरळ करणारी सोय बऱ्याचदा बाजूला ठेवली. त्याचे ठोके किंचित मागं-पुढं पडतात, जणू वाजवणारा जरा डुलतोय. २००६ मध्ये तो ३२ व्या वर्षी गेला. त्याचं ते एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. काचेत ठेवलेलं ते बीट करण्याचंच यंत्र आहे ना? मग.

आपल्याकडं तर "प्रोड्यूसर" शब्दावर अजून एक थर आहे. १९२९ मध्ये ज्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या गावात प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा. तुझ्या वडिलांना सांगून बघ, "मी प्रोड्यूसर आहे." ते आधी विचारतील, "किती घातलेस?" सिनेसंगीतात हेच काम संगीतकार आणि संगीत संयोजक असं विभागलेलं असायचं. चाल एकाची; व्हायोलिनं कुठं उठणार, कुठं सगळे थांबणार, हे दुसऱ्याचं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत ते काम सेबॅस्टियन डिसोझांचं असायचं, किती लोकांना ते नाव माहीत आहे? म्हणजे आपल्याकडं उलटा अन्याय झाला: चालवाल्याचं नाव पोस्टरवर, रचणाऱ्याचं कोपऱ्यात. तुझ्या गाण्यावर कोपऱ्यात तू आहेस, एवढाच फरक.

गंमत म्हणजे या सगळ्या गोंधळात सगळ्यात स्वच्छ व्याख्या मला कायद्यात सापडली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २ मध्ये ध्वनिमुद्रणाचा प्रोड्यूसर म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा माणूस, असं म्हटलंय. वाजवणारा, यंत्रवाला, हुशार असलं काही नाही. पुढाकार आणि जबाबदारी. कायद्याच्या हिशेबानं तुमच्या गाण्याचा प्रोड्यूसर कदाचित तुझा मित्रच निघेल, कारण स्टुडिओचे पैसे त्यानं दिले असणार! ते सोड. पण "जबाबदारी" हा शब्द कानात ठेव आणि स्वतःला विचार: बीट पाठवल्यानंतर त्या गाण्याची कसली जबाबदारी तुझ्यावर होती?

तुझ्या वडिलांचंच उदाहरण घे. त्यांच्याकडं जॉब येतो, ते ड्रॉइंगप्रमाणे टर्निंग करून देतात. माप बरोबर आलं की त्यांचं काम झालं. तो शाफ्ट पुढं कुठल्या पंपात बसला, पंप चालला की गळला, हे बघायला ते जात नाहीत आणि पंपावर स्वतःचं नावही मागत नाहीत. चोख धंदा आहे, त्यात कमीपणा कसला? तू बीट तसाच दिलास. फक्त ड्रॉइंग मागितलं नाहीस आणि बिलही केलं नाहीस. वडील असं करताना दिसले तर तूच त्यांच्यावर ओरडशील.

अन्याय झालाय तो इथं. चाल, बास, तालाची रचना हे सगळं संगीत तुझं आहे. "बीट" असं बारीक अक्षरात लिहून ते भागत नाही. क्रेडिटमध्ये "संगीत" म्हणून तुझं नाव यायला हवं, प्रोड्यूसरच्या बरोबरीनं, त्याच्या खाली नव्हे. प्रोड्यूसर म्हणून दोघांची नावं लावली तरी माझी हरकत नाही, रॅपमध्ये तशी रीत आहे. पण त्याचं काढून तुझं लाव, असं मागायला गेलास तर मी तुझ्या बाजूनं उभा राहणार नाही.

पैशाचंही ऐक. कायद्यानं संगीतरचनेचा कर्ता म्हणजे ती रचना करणारा, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी, देणाऱ्याच्या सहीनं. तू कशावर सही केलेली नाहीस, म्हणजे संगीत अजून तुझं आहे. पुढच्या वेळी कागद करशील तेव्हा त्यात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नको. मुदत नाही लिहिली तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नाही लिहिला तर भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीत-संगीताच्या कर्त्याचा रॉयल्टीतला वाटाही राखलेला आहे, तो सोडून देतो असं कुणी लिहून मागितलं तरी देऊ नको. मित्रामित्रांत कागद कशाला, असं वाटेल. मित्रामित्रांत कागद नसतो म्हणूनच महिनाभर अबोला असतो.

आणि त्या हलगीचं. उचललेला तुकडा गल्लीतल्या गाण्यात चालून जातो, गाणं चाललं की अंगावर येतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडं ६० वर्षं चालतो, म्हणजे कालच्या व्हिडिओतली हलगी तुझ्या नातवाच्या काळापर्यंत कुणाची तरी आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल लागला आणि तेव्हापासून तिथं परवानगीशिवाय तुकडा उचलणं महागात पडायला लागलं.

आता माझं एक सांगतो, म्हणजे हे उंचावरून बोलतोय असं वाटायला नको. वीसेक वर्षांपूर्वी मी एका शाहिरांच्या पोवाड्यांची सीडी केली. तेव्हा मी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचो आणि घरच्या खोलीत गाद्या टांगून स्टुडिओ केला होता. नवीन कॉम्प्युटर, नवीन सॉफ्टवेअर, ट्रॅक वाट्टेल तेवढे. मी तुतारी लावली, व्हायोलिनं लावली, घोड्यांच्या टापा लावल्या. शाहीर आले, हेडफोन लावला, दोन ओळी म्हणाले आणि थांबले. हेडफोन काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "साहेब, यात्रेच्या गर्दीत उभं राहून पोवाडा म्हणतोय असं वाटतंय. मला माझंच डफ ऐकू येईना." मी समजूत घातली, मिक्सिंगला सगळं बसेल म्हटलं. बसलं नाही. झीलकऱ्यांचं "जी जी रं जी" व्हायोलिनांखाली मेलं. सीडी तशीच निघाली, कारण मला माझी व्हायोलिनं आवडली होती. शाहीर भले माणूस, काही बोलले नाहीत. पण पुढची सीडी त्यांनी दुसरीकडं केली, आणि त्यात नुसतं डफ, तुणतुणं आणि माणसं होती. ती आजही शिवजयंतीला वाजते. माझी माझ्याकडंच आहे, दोनशेतल्या एकशे चाळीस.

तेव्हा मी बीटवाला होतो, नाव प्रोड्यूसरचं लावून बसलेला. माझ्या कामाची मला काळजी होती, शाहिरांच्या पोवाड्याची नव्हती.

आता तुला काय करायचंय ते. मित्राला फोन लाव. क्रेडिटची गोष्ट पहिल्या मिनिटाला काढू नको. आधी त्या पुराच्या ओळीबद्दल विचार, मग आपोआप निघेल. त्या शाहूपुरीच्या पोराशीही बोल, कारण तुझा बीट त्याच्याइतका बारकाईनं अजून कुणी ऐकलेला नाही. एक गोष्ट त्याच्याकडून ऐकून घेशील, ती मी आधीच सांगतो: तू एकच एमपीथ्री पाठवलीस ना, आवाज ठासून भरलेली? त्यानं त्यातून पहिल्या व्हर्सची हलगी बाहेर कशी काढली असेल, विचार कर. बहुतेक तुझा आठ बारांचा तुकडा ऐकून त्यानं खालचं पुन्हा जुळवलंय. म्हणजे "एक नोट वाजवली नाही" हेही तपासून घे. पुढच्या वेळी किक, बास, हाय-हॅट, हलगी असं प्रत्येक वेगळं, दाबून लहान न केलेल्या डब्ल्यूएव्ही फायलीत, आवाजाला वर सहाएक डेसिबल जागा सोडून दे. बीट करणाऱ्याचा सभ्यपणा त्यात दिसतो.

आणि पुढचं गाणं होईल तेव्हा बीट देऊन घरी जाऊ नको. खोलीत बस. पहिल्या दिवशी तोंड बंद ठेवून. रॅपर कुठं अडखळतो, कुठली ओळ तो घाईनं उरकतो, कुठं त्याला स्वतःलाच मजा येते, एवढं बघ. कंटाळा येईल. एकाच ओळीचा नववा टेक ऐकताना वाटेल, यापेक्षा दोन नवीन बीट झाले असते. खरंच झाले असते. तसं सलग वाटत राहिलं तर तू बीट करणाराच आहेस, आणि मग बिनधास्त ते कर, चोख कर, बिल कर. नवव्या टेकला तुलाच खुर्चीतून उठून "थांब, हलगी काढू या" म्हणावंसं वाटलं तर वेगळी गोष्ट.

हलगी मात्र स्वतः रेकॉर्ड कर. कोल्हापुरात राहून व्हिडिओतून हलगी उचलतोस, लाज वाटू दे जरा. तालमीपाशी वाजवणारी पोरं आहेत, खासबागेत कुस्त्या असल्या की असतातच. विचारून जा, पैसे देऊन जा. ती पोरं वाजवण्याआधी कागद नाहीतर चिपाड पेटवून कातडं शेकतात, ते बघितलं असशील. शेकण्याआधीच एकदा वाजवायला सांग. गार हलगी ढब्ब वाजते, मऊ, जरा खालच्या आवाजात. शेकली की तीच कडाडते. दोन्ही घे. माईक कातड्यासमोर धरू नको, आवाज फुटेल. बाजूनं, चार-पाच हात लांब, आवाजाची पातळी कमी ठेवून. गार हलगी व्हर्सखाली टाकून बघ, बोलणं ऐकू येतं का. तापलेली हुकला.

आणि कुणी मागं शिट्टी मारली तर थांबवू नको.